घरच्या चित्रशाळेसाठी उच्च सीआरआयची एलईडी ट्यूब

जळगावच्या उन्हाळ्यात दुपारी खिडक्या बंदच ठेवाव्या लागतात आणि घरी तैलचित्रे करणाऱ्याला दिव्याच्या उजेडावरच विसंबावे लागते. म्हणून ९५ हून अधिक सीआरआय (दिव्याखाली रंग किती खरे दिसतात याचा १०० पैकी अंक) आणि ५००० केल्विन रंगतापमान (उजेड पिवळसर की निळसर याचे माप) असलेल्या चार फुटी एलईडी ट्यूब मी बसवून घेतल्या. साध्या घरगुती एलईडीचा सीआरआय साधारण ८० असतो आणि त्यात लाल रंग विशेष मार खातो. केळफुलाचा जांभळट तांबडा रंग जुन्या ट्यूबखाली मातकट दिसत असे. आता त्याची बाहेरची काळपट छटा आणि पाकळीच्या आतली किरमिजी लाली स्पष्ट वेगळी दिसते. माझ्या मते एवढ्यासाठीच हा खर्च सार्थ आहे.

मात्र खोक्यावर छापलेला सीआरआय हा आठ फिक्या रंगांच्या गुणांची सरासरी असतो. गडद लालची कसोटी, म्हणजे आर-९, त्यात धरलेली नसते आणि तिचा आकडा दुकानदाराला सांगता आला नाही. चित्रकारांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या वस्तूत ही उणीव मला गंभीर वाटते.

ट्यूब कॅनव्हासच्या अगदी समोर लावल्यास ओल्या तैलरंगावर चकाकी येते, त्यामुळे प्रकाश वरून सुमारे ४५ अंशांच्या कोनात येईल आणि पॅलेटवरही तोच पडेल, अशी जागा निवडावी. खोलीची पिवळी भिंत पांढरी करून घेणेही आवश्यक ठरले, कारण तिचा रंग कॅनव्हासवर उतरत होता. हॅलोजनसारखी धग नाही, ही आपल्याकडे मोठीच सोय आहे. शिवाय वीज गेल्यावर या ट्यूब घरच्या इन्व्हर्टरवर व्यवस्थित चालतात.