हेलिओव्ह्यूअर : सूर्य पाहायला उत्तम, मोजायला नव्हे

नासा आणि ईसा (युरोपीय अवकाश संस्था) यांच्या सहकार्याने चालणारी हेलिओव्ह्यूअर ही सेवा मोफत आहे. खाते न उघडता एसडीओ (प्रक्षेपण २०१०) आणि सोहो (१९९५) या सूर्यनिरीक्षक यानांच्या प्रतिमा ब्राउझरमध्येच एकावर एक रचून पाहता येतात. सूर्यावर काय घडते आहे ते डोळ्यांनी पाहायचे, तर आमची पहिली शिफारस हीच. नवखे मात्र हमखास फसतात ते वेळेच्या बाबतीत.

पडद्यावरची वेळ यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) असते. तुम्ही एखादा क्षण मागितला, की प्रत्येक थर (एका उपकरणाच्या प्रतिमांचा संच) त्याच्या सर्वांत जवळची उपलब्ध प्रतिमा दाखवतो. ती काही सेकंदांच्या फरकाची असेल, नाहीतर तासाभराच्याही. थराच्या नावाजवळ प्रतिमेची खरी वेळ असते आणि फरक वाढला की तिचा रंग हिरव्याचा लाल होतो. तो पाहिल्याशिवाय दोन थरांची तुलना करू नका. मार्च आणि सप्टेंबरच्या विषुवदिनांच्या सुमारास तर विशेष जपा. भूसमकालिक (पृथ्वीच्या स्वतःभोवतीच्या फेरीइतक्याच वेळात प्रदक्षिणा होते अशा) कक्षेतल्या एसडीओच्या आणि सूर्याच्या मध्ये तेव्हा काही आठवडे रोज पृथ्वी येते, एका वेळी ७२ मिनिटांपर्यंत.

सरावाला १४ मे २०२४, १६:५१ यूटीसी ही वेळ घ्या आणि एसडीओ, एआयए (त्यावरचा दुर्बिणसंच), १३१ अँगस्ट्रॉम (तरंगलांबीचे एकक) निवडा. उजव्या कडेला एक्स ८.७ वर्गाची (एक्स हा सर्वांत तीव्र वर्ग) सौरज्वाला दिसेल. सुमारे एक कोटी केल्विनचा वायू या तरंगलांबीत उजळतो, म्हणून ज्वालेसाठी १३१, तर शांत चुंबकीय कमानींसाठी १७१. रंग कृत्रिम आहेत, त्यावरून तापमान ठरवू नका. तेजस्वी ज्वालेभोवतीची फुलीसारखी नक्षीही सूर्यावरची नाही. दुर्बिणीतल्या फिल्टरला आधार देणाऱ्या जाळीमुळे प्रकाशाचे विवर्तन होऊन ती उमटते. ज्वालेच्या वेळी एआयए मधल्या मधल्या प्रतिमांचा उद्भासनकाळ (प्रकाश टिपण्याचा वेळ) आपोआप कमी करतो, त्यामुळे चित्रफीत लुकलुकू शकते.

सर्वांत मोलाची सोय म्हणजे थरांची पारदर्शकता. खाली एचएमआयचा (एसडीओवरचे चुंबकीय क्षेत्र मोजणारे उपकरण) चुंबकीय नकाशा ठेवा, वर १७१ निम्म्या पारदर्शकतेने. कमानींची टोके विरुद्ध ध्रुवतेच्या पट्ट्यांत रुतलेली दिसतात. हे बिंबाच्या मध्याजवळच करा. कडेला तिरक्या दृष्टिरेषेमुळे ध्रुवता उलटी भासू शकते.

सीएमईसाठी (सूर्याच्या प्रभामंडलातून बाहेर फेकला जाणारा द्रव्याचा लोट) सोहोच्या लॅस्कोचे, म्हणजे सूर्यबिंब झाकून भोवतालचा भाग टिपणाऱ्या उपकरणाचे, सी२ आणि सी३ थर जोडा. चारही बाजूंनी वलय पसरताना दिसले, म्हणून ते पृथ्वीकडेच येते आहे असे नाही. सूर्यामागून निघालेलेही तसेच दिसते. त्याच्या थोडे आधीची १९३ ची चित्रफीत पाहा : समोरच्या बाजूला ज्वाला किंवा अचानक काळवंडलेला भाग नसेल, तर उगम बहुधा पलीकडचा. प्रतिमेत पांढरे ठिपके बरसू लागले तर तो डिटेक्टरवर आदळणाऱ्या वेगवान प्रोटॉनांचा मारा.

चित्रफीत करताना कालावधी आवरता ठेवा. फ्रेमच्या संख्येला मर्यादा असल्याने लांब कालावधीत दोन फ्रेममधले अंतर वाढते आणि काही मिनिटांची ज्वाला निसटते.

तेजस्वितेचे आलेख काढायला या प्रतिमा वापरू नका. त्या जेपेग २००० मध्ये दाबलेल्या ८-बिट प्रतिमा आहेत आणि त्यांची तेजस्विता पडद्यासाठी बदललेली असते. मोजमापासाठी जेएसओसीवरून (एसडीओच्या मूळ माहितीचे संकेतस्थळ) फिट्स फाइल (मूळ मोजमापे जपणारा खगोलशास्त्रीय प्रकार) घेऊन त्या सनपाय या पायथनमधल्या सौरविश्लेषणाच्या मोफत साधनात उघडा. चुंबकीय बलरेषा चित्रावर हव्या असतील, तर जेहेलिओव्ह्यूअर ही संगणकावर बसवायची आवृत्ती घ्या.