अकरा महिने, चार आवृत्त्या, एक गोडाऊन: डी अँड डी वापरानंतरचा अनुभव

गेल्या पोळ्याच्या करीला आम्ही ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ (डी अँड डी) खेळायला बसलो. एकानं गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्यात आपापलं पात्र चालवायचं आणि जमलं की नाही ते फाशावर ठरवायचं, असा हा खेळ. तेव्हापासून त्याच्या नियमांच्या चार आवृत्त्या खेळून झाल्या. दारव्हा तालुक्यातलं आमचं गाव. माझं कृषी केंद्र आहे आणि त्याच्या मागच्या गोडाऊनमध्ये सोमवारी रात्री आठनंतर खेळ भरतो. खेळणारे चौघं: चुलतभाऊ (शेती, खेळात कायम लढवय्या), जिल्हा परिषद शाळेतले गुरुजी, बीएस्सीला असलेली माझी भाची आणि पंक्चरच्या दुकानाचा आमचा दोस्त, जो कुठल्याही आवृत्तीत चोरच होतो. खेळ मी चालवतो. त्याला पुस्तकात डीएम (डन्जन मास्टर) म्हणतात, इथं मला ‘पाटील’ म्हणतात, कारण शेवटचा निकाल माझा आणि शिव्याही मलाच.

कुठली आवृत्ती चांगली यावर पुण्याच्या होस्टेलमध्ये आम्ही रात्र-रात्र भांडायचो. तेव्हा वेळ भरपूर होता. इथं मिळतात दोन तास. कधी लाईन जाते, कधी कोणाची रात्रपाळीची लाईन असते म्हणून तो मोटर सुरू करायला वावरात जातो. अकरा महिन्यांत मला एक गोष्ट कळली. प्रत्येक आवृत्तीत समतोल आहे, म्हणजे कोणाचंच पात्र बाकीच्यांपुढं फिकं पडू नये अशी सोय, पण तो मोजायचं माप वेगळं आहे. कुठं तो एका लढाईत मोजलाय, कुठं खेळातल्या एका दिवसात, कुठं अख्ख्या मोहिमेत. आपल्या दोन तासांत कुठलं माप बसतं, तेवढंच बघायचं.

पहिले दोन-अडीच महिने 1981 चे बेसिक नियम. गिगॅक्स आणि आर्नेसन यांनी 1974 मध्ये काढलेल्या मूळ खेळाची ही सोपी केलेली पिढी. इथं चिलखताचा आकडा उलटा: उघड्या अंगाला 9, पूर्ण पत्र्याच्या चिलखताला 3. चुलतभाऊ म्हणाला, “चिलखत भारी तं नंबर लहान काहून?” गुरुजींनी एका वाक्यात मिटवलं: “वर्गात पहिला नंबर आला तं आकडा लहानच असते न बे.” पुन्हा कोणी विचारलं नाही.

भाचीनं जादूगार घेतला. किती मार सोसता येईल तो आकडा म्हणजे जीव; त्यासाठी चार बाजूंचा फासा, त्यावर पडला 1. पात्र अनुभवानं पातळी-पातळीनं वर चढतं; पहिल्या पातळीला दिवसाला एकच मंत्र, आणि जीव शून्यावर गेला की मेलंच. साडेआठला बाण लागून जादूगार गेला, पावणेनऊला दुसरा तयार होता. रुसायलाही वेळ मिळाला नाही. यात समतोल कुठाय? तो पुढं आहे. पुढच्या पातळीसाठी चोराला 1200 अनुभव गुण लागतात, लढवय्याला 2000, जादूगाराला 2500 आणि तलवार नि मंत्र दोन्ही चालवणाऱ्या एल्फला 4000. जो पुढं जाऊन भारी होणार, त्याला उशिरा पिकायचं. तुरीसारखं.

आणि गुण मिळतात ते मुख्यतः सोन्याचे. एक सोन्याचं नाणं म्हणजे एक गुण, एक गॉब्लिन (छोटा राक्षस) मारला तर जेमतेम पाच. आमच्या चोरानं हे बरोबर हेरलं. पंधरा टक्के कुलूप उघडायची शक्यता घेऊन तो कुलपाच्या नादी लागलाच नाही. गॉब्लिन जेवायला बसल्यावर चौघांनी पेटीच उचलली, बंडीत घातली आणि निघाले. लढाई शून्य, गुण साडेनऊशे. मी तीन दिवस खपून आखलेली लढाई कागदावरच राहिली. मला राग आला होता हे कबूल करतो, पण त्या रात्रीसारखे हसलो नाही कधी.

दोष असा की लढवय्याला “मारतो” याशिवाय बोलायला काही नाही. आणि सोयाबीन काढणीत तीन आठवडे न येणारा माणूस परत आला की सोन्याच्या हिशेबात मागं पडलेला असतो.

हिवाळ्यात 3.5 काढली. 2000 ची तिसरी आवृत्ती 2003 मध्ये दुरुस्त केली, ती ही. माझी कॉलेजची आवडती, म्हणून मीच हट्ट धरला. पात्र बनवायलाच दोन सोमवार गेले. तिसऱ्या सोमवारी भाचीच्या ड्रुइडसोबत (रानाची जादू करणारं पात्र) लांडगा आला. पहिल्या पातळीलाच, फुकट, तेरा जीव, आणि चावला की समोरच्याला पाडायची संधी. चुलतभावाचा लढवय्या दोनदा हुकला आणि लांडग्यानं दोघं लोळवले. तो शांतपणे म्हणाला, “पाटील, तिचं कुत्रं माह्यापेक्षा बरं लढून रायलं. मंग मी काय इथं सरकी मोजाले आलो का?”

पुढं हे वाढतच जातं. पाचव्या पातळीला ड्रुइड स्वतः जनावर होते. वरच्या पातळ्यांवर जादूवाले वेळ थांबवतात, लढवय्या मात्र अजून तलवारच फिरवत असतो. इथं समतोल खेळण्याआधीच ठरतो: पात्र बनवताना ज्यानं पुस्तक जास्त वाचलं, तो जिंकला. ज्यांना रात्री गणित करत बसायला आवडतं त्यांना यासारखं सुख नाही, मला आजही आवडतं. पण चौघांपैकी एकच वाचणारा असेल तर उरलेले तिघं वऱ्हाडी म्हणून येतात. जानेवारीत मीच बंद केली.

मग 2008 ची चौथी, जिला सगळेच नावं ठेवतात. पुस्तकं एका जुन्या रूममेटकडून मागवली. मला वाटलं होतं आपणही नावं ठेवू. पण समतोलाच्या बाबतीत हिच्याइतकी चोख एकही नाही. प्रत्येकाकडे तीन प्रकारची हत्यारं: हवं तेव्हा वापरायची, लढाईत एकदा वापरायची, दिवसातून एकदा वापरायची. जीव भरून घ्यायचा कोटाही प्रत्येकाचा स्वतःचा. लढवय्या समोरच्याला असा अडकवून धरतो की त्यानं दुसऱ्याकडे बघितलं तरी फटका बसतो. चुलतभाऊ पहिल्यांदा उभा राहून खेळला. गोडाऊनची शहाबादी फरशी म्हणजे आयता पट, एक फरशी पाच फूट. एका जिवाचे किरकोळ शत्रू म्हणून तुरीचे दाणे मांडले.

पण एक लढाई दीड तास. कोण गुंगीत, कोण आगीत, कोणाला उणे दोन, हे लक्षात ठेवता ठेवता गोष्ट गेली वाहून. एकदा लढाईच्या मध्येच लाईन गेली, टॉर्च लावेपर्यंत मांजर फरशीवरून फिरून गेलं होतं. कोणता दाणा कुठं होता यावर वीस मिनिटं पंचायत. पाच सोमवारांत बंद.

मार्चपासून पाचवी, 2014 वाली. हिचा मूळ नियमसंच जानेवारी 2023 मध्ये ‘क्रिएटिव्ह कॉमन्स’ या खुल्या परवान्याखाली सगळ्यांना मोकळा झाला, त्यामुळे पदरचा पैसा न घालता मोबाईलवर मिळाला आणि गुरुजींनी लागणारे नियम वहीत मराठीत उतरवले. हिची सगळ्यात चांगली गोष्ट, आकडे फुगत नाहीत. 3.5 मध्ये लढवय्याचा फटका लागायला फाशात मिळवायचा आकडा +20 पर्यंत चढतो. इथं तसाच मिळवायचा ‘प्रावीण्य’ आकडा पहिल्या पातळीला +2 आणि शेवटी +6. गुरुजी प्रशिक्षणात महिना अडकले, दोन पातळ्या मागं राहिले, तरी परत आल्या रात्री कामाचे ठरले. गावात खेळणाऱ्याला ही सोय लाखाची आहे.

दुसरी गोष्ट, परिस्थिती आपल्या बाजूची असली, म्हणजे ‘फायदा’ असला, तर वीस बाजूंचा फासा दोनदा टाकून मोठा आकडा घ्यायचा. बेरीज-वजाबाकी नाही. मधे आमचा फासा पोत्यांखाली गेला तेव्हा पेल्यात 1 ते 20 च्या चिठ्ठ्या घातल्या. फायदा असला की दोन उचलायच्या. गुरुजींनी लगेच पकडलं: पहिली चिठ्ठी परत न टाकता दुसरी उचलली तर 11 किंवा वर यायची शक्यता 75 टक्क्यांवरून 76 च्या वर जाते. तेवढ्यासाठी त्यांनी खेळ थांबवला. मास्तर लोक.

आता तक्रार, आणि मोठी. हिचा समतोल दिवसात मोजलाय. 2014 चं पुस्तक धरून चालतं की दोन रात्रींच्या झोपेमध्ये सहा ते आठ चकमकी होतील, मधे दोन छोट्या विश्रांती. आमच्या दोन तासांत होतात दोन. भाचीची जादूगार पाचव्या पातळीला पोचली आणि फायरबॉल, म्हणजे आगीच्या गोळ्याचा मंत्र, आला: सहा बाजूंचे आठ फासे, सरासरी 28. अर्धा मार लागला तरी चौदा, आणि हॉबगॉब्लिनचा (गॉब्लिनचा थोरला भाऊबंद) जीव अकरा. एका फटक्यात नऊ जण खलास. चुलतभाऊ तलवार उपसून उभा, समोर राख. मग भाची म्हणते, “मामा, आता झोपू न.” आठ तास झोपलं की सगळे मंत्र परत. असं तीन सोमवार चाललं आणि चौथ्याला चुलतभाऊ आलाच नाही. तुरीचं काम आहे म्हणाला. मे महिन्यात तुरीचं कोणतं काम असते, मलाही कळते.

उपाय पुस्तकातच आहे, ऐच्छिक म्हणून दिलेला: छोटी विश्रांती आठ तासांची, मोठी सात दिवसांची. आम्ही तो आपल्या पद्धतीनं लावला. मोठी विश्रांती फक्त आठवडी बाजाराच्या दिवशी, तीही गावात पोचलात तर. खेळातला एक ‘दिवस’ आता आमचे तीन-चार सोमवार चालतो. फायरबॉल दोनच, ते पुरवून वापरायचे. पहिल्याच महिन्यात फरक दिसला, लढवय्या नांगराच्या बैलासारखा न थकता ओढतोय आणि जादूगार मंत्र मोजतेय. नुकसान एवढंच की आठ तास टिकणारे मंत्र, मेज आर्मर या जादूच्या चिलखतासारखे, कुचकामी झाले. त्यावर मी वेळ वाढवून दिला, भाचीनं दोन दिवस अबोला धरला होता म्हणून.

पाचवीचीच 2024 ची सुधारित आवृत्ती चारच रात्री खेळलो. लढवय्याला हत्यारागणिक कसब दिलंय, फटक्यासोबत पाडता येतं, ढकलता येतं. चुलतभावाला तेवढं उचलून दिलं. बाकी पालटायची घाई नाही.

नवीन गट असेल आणि सगळे दर आठवड्याला येतीलच असं नसेल तर 2014 घ्या, पण झोपेचा नियम पहिल्या दिवसापासून बदला, नंतर बदलला की भांडणं होतात. हसायचं असेल, मरायची भीती नसेल तर 1981. आम्ही तिथून दोन गोष्टी परत आणल्यात: सोन्याचे गुण, आणि शत्रूची हिंमत तपासायचा दोन फाशांचा नियम, ज्यानं अर्ध्या लढाया शत्रू पळून संपतात आणि साडेनऊला घरी जाता येतं.

सध्या डवरणी चालू आहे, दोन सोमवार बुडाले. भाचीकडे एक फायरबॉल उरलाय आणि खेळातला बाजार चार दिवसांवर आहे. चुलतभाऊ रोज दुकानात येऊन विचारतो, “टाकीन का व ते?”