युलेबुक्कचे लाकडी मुंडके : तीन घरे फिरल्यावरचा अभिप्राय

नाताळ आणि नववर्ष यांच्यामधल्या दिवसांना नॉर्वेत ‘रुमयूल’ म्हणतात. त्या दिवसांत सोंग घेऊन शेजाऱ्यांच्या दारी जाण्याच्या प्रथेचे नाव ‘युलेबुक्क’, म्हणजे नाताळचा बोकड. आलेल्यांनी आवाज बदलून बोलायचे, घरच्यांनी त्यांना ओळखायचे, आणि ओळख पटली की मुखवटा उतरवून खाण्यापिण्याला बसायचे, अशी ही रीत आहे. आता बहुतेक ठिकाणी मुलेच गाणी म्हणत गोळ्या आणि संत्री गोळा करतात, आणि गेल्या पाव शतकात हॅलोविन हा ऑक्टोबरअखेरचा सोंगांचा सण रुजल्यापासून तेही कमी झाले आहे. म्हणूनच जुन्या पद्धतीचे, काठीवर बसवलेले बोकडाचे मुंडके एक कारागीर अजून हाताने घडवून देतो हे कळताच मी ते मागवले.

मुंडके बर्चच्या लाकडाचे आहे, शिंगे खरी आहेत, आणि खालचा जबडा चामड्याच्या पट्टीवर हलतो. जबड्याची दोरी काठीच्या खोबणीतून खाली येते. सोबत मिळणारे मेंढीचे कातडे पांघरून, कमरेत वाकून ती ओढली की जबडा असा खाडकन मिटतो की दार उघडणारा माणूस एक पाऊल मागे सरकतोच. कोकणातल्या शिमग्याची सोंगे पाहत वाढल्यामुळे असेल, पण त्या आवाजाने माझ्याही अंगावर काटा आला. रबरी मुखवट्याच्या कितीतरी पट किंमत मोजल्याचे त्या क्षणी जराही वाईट वाटले नाही.

उणिवा दोन आहेत, आणि दोन्ही घरोघरी फिरल्याशिवाय कळणाऱ्या नाहीत. दोरीच्या टोकाची कडी इतकी लहान आहे की जाड हातमोज्यातले बोट तिच्यात शिरत नाही, त्यामुळे दुसऱ्या घरी कडाक्याच्या थंडीत मला हातमोजा काढावा लागला. दुसरी उणीव अधिक गंभीर आहे. ते कातडे जेमतेम गुडघ्यांपर्यंत येते. पहिल्याच घरी आजींनी मुंडक्याकडे पाहिलेसुद्धा नाही. त्यांनी माझे बूट निरखले आणि क्षणात माझे नाव घेतले. ज्या खेळाचा सगळा जीव न ओळखले जाण्यात आहे, त्यात ही कसर चालवून घेता येत नाही. तिसऱ्या घरी मी कमरेला जुनी घोंगडी गुंडाळून गेलो, तेव्हा मात्र घरच्यांनी चार नावे चुकीची घेतली आणि मला ओळखायला त्यांना बराच वेळ लागला.

कातडे घरात शिरताच फार उकडते, पण ओळख पटल्यावर ते उतरवायचेच असते, म्हणून त्याला मी दोष मानत नाही. भिंतीवर शोभेला लावायचे असेल तर हे मुंडके महाग आहे. खरोखर युलेबुक्क बनून दारोदार जायचे असेल तर ते अवश्य घ्यावे. मात्र मागवतानाच कातडे घोट्यांपर्यंत लांब आणि कडीऐवजी हातमोज्यासकट मूठ मावेल असा चामड्याचा फास लावून मागावा.