जगबुडीनंतरचं ज्ञान धुंडाळायचंय? 'होरायझन झिरो डॉन' की 'फॉलआउट: न्यू व्हेगास'

पडक्या इमारतींत शिरून 'आधीच्या लोकांचं नेमकं झालं तरी काय' हे शोधायला लावणारा गेम हवा असेल, तर गाडी बहुतेक वेळा या दोन नावांशी येऊन थांबते. दोन्ही लांबलचक आहेत. सुट्टी एकच असेल तर एकच निवडा.

'होरायझन' २०१७चा, ॲमस्टरडॅमच्या गुरिल्ला गेम्सचा. आपल्यानंतर हजारेक वर्षांनी माणसं पुन्हा टोळ्यांनी राहतायत आणि जनावरांसारखी यंत्रं रानात चरतायत. टोळीनं वाळीत टाकलेल्या एलॉयला, म्हणजे आपल्या नायिकेला, लहानपणी भुयारात कानाशी लावायचं एक यंत्र सापडतं, 'फोकस'. त्यातून मेलेल्या जगाचे आवाज ऐकू येतात, नोंदी वाचता येतात. मेरिडियन शहरात एकजण 'प्राचीन पात्रं' जमवत असतो. ती पात्रं म्हणजे आपले साधे कॉफीचे मग! ज्ञान का पुसलं गेलं, याचं उत्तर खेळातच मिळू द्या; आधी वाचलंत तर निम्मी मजा गेली. तक्रार एकच, पण मोठी: उत्तर ठरल्या क्रमानं हातात येतं. तुम्ही ऐकायचं, हळहळायचं आणि पुढं जायचं.

'न्यू व्हेगास' (२०१०, ऑब्सिडियन) इथंच बाजी मारतो. २०७७च्या अणुयुद्धानंतर दोनशे वर्षं उलटलीत आणि मोहावी वाळवंटात ज्ञान हरवलेलं नाही, कुलपात आहे. 'ब्रदरहूड ऑफ स्टील'वाले जुनं तंत्रज्ञान बंकरमध्ये दडवून बसलेत. 'फॉलोअर्स ऑफ द अपोकॅलिप्स'ची मंडळी पडक्या किल्ल्यात गोरगरिबांवर उपचार करतात, शिकलेलं वाटून टाकतात.

हेलिओस वन हे सौरवीज केंद्र बघाच. तिथला प्रमुख फँटॅस्टिक निव्वळ थापा मारून त्या खुर्चीत बसलाय. वीज कशी वळवायची याचा त्याला गंध नाही. ते काम तुमच्या गळ्यात पडतं. वीज लष्कराच्या तळाला आणि कसिनोंच्या झगमगत्या रस्त्याला, 'स्ट्रिप'ला द्यायची, गरीब वस्त्यांना द्यायची, की सगळ्यांना थोडी थोडी? शिवाय त्याच केंद्रात एक अस्त्रही दडलंय. जुनी विद्या सापडणं सोपं, ती कुणाच्या हाती द्यायची हे अवघड, असा पेच 'होरायझन' तुमच्यापुढं टाकतच नाही.

दिसायला मात्र 'न्यू व्हेगास' जुनाट. चेहरे लाकडी, बंदुकीची लढाई बेतास बात, आणि गेम मध्येच बंद पडायची खोड आहे. वाचन भरपूर. तुम्ही खेळता त्या पात्राचे 'सायन्स'चे गुण कमी असतील तर अवघड टर्मिनल, म्हणजे खेळातले जुने कम्प्युटर, उघडतच नाहीत. मजकूर प्रौढांसाठीचा आहे, घरात लहान मुलं असतील तर जपून. 'होरायझन' डोळ्यांचं पारणं फेडतो, लढाईही झकास, पण कम्प्युटरवर शंभरेक जीबी जागा आणि बरं ग्राफिक्स कार्ड मागतो. 'न्यू व्हेगास'ला दहाएक जीबी पुरते.

असे गेम पूर्वी खेळला नसाल, किंवा संवाद वाचायचा कंटाळा असेल, तर डोळे मिटून 'होरायझन' घ्या. माझं मत विचाराल तर 'न्यू व्हेगास', आणि तोही 'अल्टिमेट एडिशन'. त्यात 'ओल्ड वर्ल्ड ब्लूज' ही जोडकथा येते: जगाचं सगळं विज्ञान मुखोद्गत असलेले, पण बाहेर जग उरलंय हेच विसरलेले बरणीतले मेंदू. सेव्ह मात्र हातानं करत राहा, ऑटोसेव्हच्या भरवशावर राहू नका.