तळोज्याची मेट्रो: वेळ पाळते, पण स्टेशनपासून घर कोण गाठून देणार?

आधी निकाल सांगते, मग कारणं. बेलापूर ते पेंधर ही नवी मुंबई मेट्रोची एक नंबरची लाइन. तळोजा फेज वनमध्ये राहून बेलापुरात नोकरी करणाऱ्या बाईच्या नजरेतून तिला पाचपैकी चार स्टार. पेंधरला उतरल्यावर सोसायटीच्या गेटपर्यंतच्या प्रवासाला एक, आणि तोही पावसाळा सोडून.

मी बेलापूरला एका क्लिअरिंग एजंटच्या ऑफिसात हिशेब बघते. महिनाअखेर आणि जीएसटीच्या तारखा सोडल्या तर सहाला सुटते. तळोज्याला आम्ही राहायला आलो कारण खारघरमधल्या फ्लॅटची किंमत ऐकून आमचे हे नुसते हसले होते. तळोज्यात तेवढ्याच पैशात एक खोली जास्त मिळाली आणि सोबत एमआयडीसीचा वास मिळाला, जो रात्री खिडक्या लावायला लावतो. पण वासाची सवय होते. रस्त्याची होत नाही.

मेट्रोच्या आधी बेलापूरला जायचं म्हणजे सीटवरच्या रिक्षाने खारघर स्टेशन, तिथून हार्बरची लोकल, एकच स्टेशन. नकाशात बघाल तर हसाल. त्या एका स्टेशनासाठी तळोजा-खारघर रस्त्यावर काय काय बघायचं, तर एमआयडीसीकडे वळणारे ट्रेलर, पिवळ्या स्कूलबस, पाण्याचे टँकर, उलट्या बाजूने येणारे बाइकवाले आणि बरोबर वळणावर लागलेली कणसाची गाडी. या सगळ्यांतून रिक्षा निघाली की उत्सव चौकात अडकायची. त्या चौकाचं नाव कुणी ठेवलं देव जाणे. सकाळी साडेआठला तिथे उत्सव वगैरे काही नसतो, नुसते हॉर्न असतात. आणि रिक्षात मी चौथी सीट असेन तर ड्रायव्हरच्या बाजूला अर्धी बाहेर, एक हात दांडीला, मांडीवर डबा.

सगळ्यात वैताग असा की किती वेळ लागेल ते सांगता यायचं नाही. कधी अर्धा तास, कधी सव्वा तास. साहेबांना रोज "निघालेय, रस्त्यात आहे" हे सांगून सांगून त्यांचा आपल्यावरचा विश्वास उडतो, मग तुम्ही खरंच रस्त्यात असलात तरी.

आता मेट्रो. काम सुरू झालं २०११ मध्ये. गाडी धावली १७ नोव्हेंबर २०२३ ला. मधल्या बारा वर्षांत आमच्याकडच्या मुलांनी खांबांखाली बॅडमिंटन खेळून घेतलं, दहावीपासून नोकरीपर्यंत पोचली. गाड्या तयार, स्टेशनं तयार, फक्त उद्घाटनाला मुहूर्त नाही, असेही काही महिने गेले आणि शेवटी फीत न कापताच गाडी सुरू झाली. मला विचाराल तर याहून चांगलं उद्घाटन नाही. बांधली सिडकोने, चालवते महामेट्रो. ११ किलोमीटर, ११ स्टेशनं, तीन डब्यांची एसी गाडी.

सुरुवातीला शेवटपर्यंतचं तिकीट ४० रुपये होतं. तेव्हा शेजारच्या काकू म्हणायच्या, चाळीस जायचे, चाळीस यायचे, त्यापेक्षा रिक्षात तिघी मिळून जाऊ. सप्टेंबर २०२४ मध्ये दर कमी केले. चार किलोमीटरपर्यंत १०, आठपर्यंत २०, त्यापुढे ३०. त्या दिवसापासून काकू मेट्रोने जातात आणि मला डब्यात भेटल्या की तीस रुपये कसे वाजवी आहेत हे मलाच समजावतात. खरं सांगायचं तर वाजवी आहेतच. एकट्या माणसाने तळोज्याहून बेलापूरला स्पेशल रिक्षा केली तर शंभराची नोट मोडून काही हातात उरत नाही.

पेंधर ते बेलापूर वीस-पंचवीस मिनिटं. आणि ती रोज तेवढीच. मला या सेवेचं कौतुक आहे ते एवढ्याचसाठी. एसी छान आहे, डबे स्वच्छ आहेत, दारात लोकलसारखी कुस्ती नाही, हे सगळं ठीक. पण "नऊ वाजता पोचते" असं फोनवर सांगून नऊला पोचणं ही चैन मला लग्नानंतर पहिल्यांदा मिळाली.

बेलापूर सोडलं की गाडी सायन-पनवेल महामार्ग ओलांडते. संध्याकाळी त्या जागी डब्यातले सगळे मोबाइलवरून मान वर करतात. खाली दोन्ही बाजूंना गाड्या, पनवेलच्या दिशेने लाल दिव्यांची रांग, मध्ये एखादी एसटी तिरकी घुसलेली. कुणीतरी हमखास म्हणतं, "बघा, आपण असतो तिथे." एकदा एका माणसाने खालच्या जॅममध्ये अडकलेल्या स्वतःच्या भावाला फोन लावून "वरती बघ, मी हात करतोय" असं सांगितलं होतं. भावाने काय उत्तर दिलं ते डब्यात सगळ्यांना ऐकू आलं, इथे लिहिता येणार नाही.

खारघरच्या पुढे डावीकडे डोंगर दिसतो, जुलैमध्ये त्याच्यावरून पाण्याच्या रेघा उतरताना दिसतात. ज्यांना सीट मिळाली नाही त्यांनी त्या बाजूच्या दाराजवळ उभं राहावं.

सासूबाईंची परीक्षा वेगळी. त्यांचे गुडघे गेलेत आणि सरकत्या जिन्याची त्यांना भीती. पहिल्यांदा नेलं तेव्हा जिन्यासमोर उभ्या राहून त्यांनी दोनदा पदर खोचला आणि मागे फिरल्या. मग लिफ्टने गेलो. प्लॅटफॉर्म आणि डब्याची पातळी सारखी, फट बारीक, काठी अडकली नाही. लोकलमध्ये चढताना त्यांना मागून ढकलावं लागतं, इथे त्या आपल्या पायाने आत गेल्या आणि बसल्यावर पहिलं वाक्य, "एवढी थंडी कशाला लावलीय?" आता खारघरच्या सेंट्रल पार्कला नातवाबरोबर जातात. शाल नेतात.

मागच्या वर्षी माझ्या नणंदेकडे चियांग माईला गेलो होतो, थायलंडच्या उत्तरेला. नंदावा तिथे एका हॉटेलात किचन सांभाळतात. जायच्या आधी माझ्या डोक्यात होतं की परदेश म्हणजे मेट्रो, पूल, सगळं चकाचक. बँकॉकला ते आहेही. चियांग माईला मेट्रो नाही. जुनं गाव चौकोनी, भोवती पाण्याचा खंदक, आणि खंदकाच्या आतल्या-बाहेरच्या दोन्ही रस्त्यांवर एकेरी वाहतूक, एकमेकांच्या उलट दिशेने. समोरचं दुकान दिसतंय, पण गाठायचं तर आख्खी बाजू फिरून या. गाव वाढलं, बाहेर रिंगरोड झाले, मॉल झाले, गाड्या झाल्या आणि संध्याकाळी निम्मान रोडला नंदावांची गाडी आपल्या उत्सव चौकासारखीच उभी. मला तर माहेरी आल्यासारखं वाटलं.

तिथले लोक भागवतात ते लाल सोंगथॅववर. पिकअप गाडीच्या मागे दोन बाकं आणि वर छप्पर. हात करायचा, ड्रायव्हरला ठिकाण सांगायचं, त्याच्या वाटेवर असेल तर तो मान हलवतो. नसेल तर निघून जातो, वाद नाही. उतरायचं असलं की छताला लावलेलं बटण दाबायचं, घंटी वाजते. गावातल्या गावात माणशी ३० बाहत, म्हणजे तिथला रुपया. बाकी सगळी जनता स्कूटरवर, नणंदसुद्धा. ट्रॅमसारख्या गाडीची योजना तिथेही आहे. नाकोर्नपिंग हॉस्पिटलपासून शहराच्या दक्षिणेला मे हियापर्यंत, साधारण सोळा किलोमीटरची लाल लाइन. आम्ही गेलो तेव्हा ती कागदावरच होती. नंदावांना मी म्हटलं, घाई करू नका, आमच्याकडे अकरा किलोमीटरला बारा वर्षं लागली.

पण मला तिथे एक गोष्ट खटकली ती आपल्याबद्दल. त्यांच्याकडे मोठी गाडी नाही, छोटी आहे. आपल्याकडे मोठी आली आणि छोट्या गाडीचं कुणी बघितलंच नाही. पेंधरला रात्री आठ वाजता उतरा. जिना उतरलात की रिक्षांचा घोळका. मीटरने कुणी येत नाही. सीटवर म्हणाल तर "चार भरू द्या". चार भरेपर्यंत पुढची मेट्रो येते, मग तिच्यातले लोक येतात आणि दर वाढतो. पाऊस असेल तर रिक्षावाल्याचा चेहराच बदलतो, कुठे जायचं ते ऐकायच्या आधीच नाही म्हणतो. बेलापूरहून तीस रुपयांत आले आणि उरलेल्या दीड किलोमीटरला पन्नास मोजले, असं होतं. बस आहे म्हणे. स्टॉपचा खांब आहे, हे मी खात्रीने सांगू शकते.

चालत जावं तर फूटपाथ सलग नाही. पहिले शंभरेक पावलं पेव्हर ब्लॉक, मग गटाराचं उघडं झाकण, मग एका वडापाववाल्याची शेगडी, मग रस्ता. रस्त्यावर ट्रेलर. माझ्या मैत्रिणीने यावर उपाय काढलाय. ती सकाळी स्कूटी पेंधरच्या खांबांजवळ लावते आणि संध्याकाळी ती तिथेच मिळाली की देवाला हात जोडते. मुळात रस्त्यावरच्या गाड्या कमी व्हाव्यात म्हणून मेट्रो, आणि मेट्रोपर्यंत जायला प्रत्येकाची एक स्कूटी. खांबांखाली बघा, ओळीने उभ्या असतात.

वेळांबद्दल. सुरू झाली तेव्हा सकाळी सहा ते रात्री दहा आणि दर पंधरा मिनिटांनी. पुढे गर्दीच्या वेळी दहा मिनिटांवर आली. दहा मिनिटं ऐकायला कमी वाटतात. पण लोकलमधून बेलापूरला उतरून धावत गेलात आणि डोळ्यासमोर दार लागलं की ती दहा मिनिटं लांब होतात. लोकल आणि मेट्रोची वेळ जुळवणं हे प्रत्येकाने स्वतःचं गणित बसवून करायचं काम आहे. ठाण्याहून ट्रान्सहार्बरने येणारी आमच्या ऑफिसातली एक मुलगी त्यासाठी नेरूळला दुसऱ्या डब्यातच चढते, कारण तो बेलापूरला जिन्यासमोर थांबतो. अशा गोष्टी कुठल्या माहितीपत्रकात नसतात.

रात्री उशीर होणाऱ्यांनी शेवटच्या गाडीची वेळ आधी बघून ठेवावी. मार्चअखेरीला मी ऑफिसातून निघायला उशीर केला की आमचे हे बाइक घेऊन येतात आणि घरापर्यंत एक शब्द बोलत नाहीत. त्यापेक्षा शेवटची मेट्रो बरी.

खारघरकरांना ही मेट्रो कितपत उपयोगी? माझ्या मते थोडी. ज्यांचं घर स्टेशनच्या जवळ आहे ते वापरतात, बाकीचे अजून कार काढतात आणि सेंट्रल पार्कजवळ कार लावायला जागा नाही म्हणून तक्रार करतात. तळोजेकरांचं तसं नाही, आम्हाला दुसरा मार्गच नव्हता. त्यात आता विमानतळ झाला, ८ ऑक्टोबर २०२५ ला उद्घाटन आणि २५ डिसेंबरपासून विमानं. या पट्ट्यातले नवे टॉवर बघता रस्ता मोकळा होईल असं मला स्वप्नातही वाटत नाही.

आमच्या इथे रविवारी फ्लॅट बघायला येणाऱ्या जोडप्यांना एक सांगते. बिल्डरच्या माणसाने "मेट्रोपासून पाच मिनिटं" म्हटलं की त्याच्या गाडीत बसून ती पाच मिनिटं मोजू नका. पेंधरला मेट्रोने या, जिना उतरा, पायी निघा. जूनमध्ये आलात तर आणखी बरं. आणि रात्री नऊला एकदा परत येऊन रिक्षावाल्याला विचारा, तो त्या बिल्डिंगकडे यायला तयार आहे का.