कुकीची पट्टी लावायची, की कुकीच काढून टाकायच्या?

पुण्याहून जर्मनीला दिवाळीचा फराळ पाठवणाऱ्या एका घरगुती दुकानाची वेबसाइट मी सांभाळते. किमती युरोत आहेत आणि 'जर्मनीत घरपोच' असं ठळक लिहिलंय. दुकान पुण्यात असलं, तरी युरोपातल्या गिऱ्हाइकाला असा माल देऊ केला की तिथला जीडीपीआर, म्हणजे वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा, आपल्याला लागू होतो. त्यामुळे प्रश्न आला: कुकींसाठी, म्हणजे साइट गिऱ्हाइकाच्या ब्राउझरमध्ये ठेवते त्या छोट्या नोंदींसाठी, परवानगी मागणारी पट्टी लावायची, की परवानगी लागेल असं साइटवर काही ठेवायचंच नाही?

आधी मी पट्टीच लावली. फुकटचं प्लगइन, दहा मिनिटांचं काम. मग इन्कॉग्निटो खिडकीत साइट उघडून ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समध्ये पाहिलं, तर कशावरही बोट ठेवण्याआधीच भेटी मोजणाऱ्या गूगल अ‍ॅनालिटिक्सची '_ga' कुकी येऊन बसलेली! पट्टी दिसत होती, पण काहीच अडवत नव्हती. परवानगी मिळेपर्यंत ही कुकी ठेवणारी स्क्रिप्ट (साइटवर चालणारा छोटा प्रोग्राम) लोडच होता कामा नये, आणि तेवढं जमवायला माझे दोन दिवस गेले.

एवढ्यावर भागत नाही. आधीच टिक केलेली चौकट म्हणजे संमती नव्हे, असं युरोपच्या न्यायालयानं १ ऑक्टोबर २०१९ ला प्लॅनेट४९ खटल्यात स्पष्ट केलं. 'नको' म्हणणं 'चालेल' म्हणण्याइतकंच सोपं हवं. ते तसं नव्हतं म्हणून जानेवारी २०२२ मध्ये फ्रान्सच्या नियामकानं गूगलला १५ कोटी आणि फेसबुकला ६ कोटी युरोंचा दंड जाहीर केला. शिवाय दिलेली संमती नंतर तितक्याच सहज मागे घेता आली पाहिजे, आणि ती मिळाल्याची नोंदही आपल्याकडे हवी. 'साइट वापरत राहिलात म्हणजे तुम्हाला मान्य आहे' छापाची पट्टी तर लावूच नका. तिनं नियम पाळला जात नाही, गिऱ्हाइकाला त्रास मात्र होतो.

दुसऱ्या वाटेवर कष्ट एकदाच पडतात. खरेदीची टोपली आणि लॉगिन यांच्या कुकींना परवानगी लागत नाही, कारण गिऱ्हाइकानं मागितलेली सेवा त्यांच्याशिवाय देताच येत नाही. बाकीचं काढायचं. चकलीच्या व्हिडिओच्या जागी मी साधं चित्र आणि लिंक टाकली. फॉन्ट स्वतःच्या सर्व्हरवर आणले. त्यात कुकी नसते, पण गूगलकडून फॉन्ट घेताना भेट देणाऱ्याचा आयपी पत्ता तिकडे जातो, आणि एवढ्यावरून म्युनिकच्या न्यायालयानं २०२२ मध्ये एका साइटला १०० युरो भरपाई द्यायला लावली होती. भेटी मोजायला प्लॉझिबल घेतलं, ते कुकी ठेवत नाही. यात नुकसान एकच: काल आलेला माणूस आज परत आला तर तो नवाच मोजला जातो. फराळाच्या दुकानाला त्यानं काही फरक पडत नाही, ऑर्डरी वहीत असतातच. गोपनीयतेचं पान मात्र दोन्ही वाटांवर लिहावंच लागतं.

तुमची कमाई साइटवर दिसणाऱ्या गूगलच्या अ‍ॅडसेन्स जाहिरातींवर असेल तर गोष्ट वेगळी. युरोपातल्या वाचकांना वैयक्तिक जाहिराती दाखवायच्या, तर जानेवारी २०२४ पासून गूगलनं प्रमाणित केलेलीच संमती-यंत्रणा लागते. तिथे पट्टीला पर्याय नाही; मग ती नीट लावा, 'नको'चं बटण पहिल्याच पडद्यावर ठेवा.

गिऱ्हाइक फक्त इथलंच असेल त्यांनीही हे आत्ताच ठरवावं. आपल्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात 'कुकी' हा शब्द नाही, पण कुकीतून माणूस ओळखता येत असेल तर स्पष्ट कृतीनं दिलेली संमती इथेही लागणार. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि मुख्य तरतुदींना १८ महिन्यांची मुदत आहे. संमतीची सूचना मराठीत वाचायचा पर्यायही द्यावा लागेल, आणि ही तरतूद मला मनापासून आवडली.

घरगुती दुकान, क्लास, होमस्टे यांना मी दुसरीच वाट सुचवेन. आमच्या साइटवर आता एकट्या टोपलीची कुकी उरली आहे. पट्टी गेली, आणि मोबाइलवर लाडवांचा फोटो पुन्हा अख्खा दिसतो.