ओढ्यात पेरलेले अकीक

ओढ्याकाठी अकीक (रंगीत पट्ट्यांचा शोभेचा दगड) आणि कार्नेलियन (त्याचाच नारिंगी-लाल भाऊबंद) शोधायला नेतो, सापडण्याची हमी आमची, अशी जाहिरात करून एका आयोजकानं आमच्या अख्ख्या गटाला गंडवलं. आम्हाला सापडलेले खडे त्या ओढ्याचे नव्हतेच. ते आदल्या संध्याकाळी तिथे आणून पेरले होते. हा छंद ज्यांनी नुकताच धरलाय, आणि विशेषतः जे लहान मुलांना हौसेनं सोबत नेतात, त्यांच्यासाठी सगळं तपशीलवार लिहितेय.

पैसे आगाऊ भरायचे होते. त्यात गैर काही नाही, बऱ्याच सहलींत तसंच असतं. पण अटी मात्र तिथे पोचल्यावर एकेक करून कळत गेल्या. शोधायचं ते दोन दोऱ्यांच्या मधल्या पट्ट्यातच. त्याच्या वर किंवा खाली जायचं नाही, कारण म्हणे तिथली परवानगी नाही. मिळालेल्या खड्यांचं शेवटी वजन होणार; ठरावीक वजनापर्यंतचे फीमध्ये, त्यावर गेले की जादा पैसे. आणि एखादा खडा ‘खास’ निघाला तर त्याची किंमत वेगळी. तो खास आहे की नाही, हे ठरवणार आयोजकच. म्हणजे स्वतः पाण्यात उतरून, कंबर धरेपर्यंत वाकून शोधलेला दगड शेवटी विकतच घ्यायचा.

माझी भाची सोबत होती. तिला दगडांचं वेड माझ्यामुळेच लागलंय. पाण्यात पाय टाकतो न टाकतो तोच तिला अंड्याएवढा, गुलाबी पट्ट्यांचा अकीक मिळाला. “मावशी, बघ ना, बघ ना!” करत ती धावत आली. आयोजकानं तो खडा उन्हात धरला आणि म्हणाला, “असा पीस वर्षातून एखादाच निघतो. नशीबवान आहेस, बाळा.” थोड्या वेळानं पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला एका आजोबांना त्यानं तेच वाक्य शब्दन्‌शब्द ऐकवलं. भराभर सगळ्यांनाच सापडत होतं. कुणाला निळा, कुणाला जांभळा, कुणाला लालभडक.

खरा शोध असा नसतो. नदीच्या पात्रात तासन्‌तास गोटे न्याहाळावे लागतात, ऊन तिरपं असेल तर बरं, कारण तेव्हाच अकिकातून आणि कार्नेलियनमधून उजेड आरपार येतो आणि आजूबाजूच्या दगडांत तेवढा एकच खडा आतून पेटल्यागत दिसतो. बहुतेक वेळा हाती येतात नखाएवढ्या कपच्या. मोठा खडा क्वचित, आणि तोही वरून अगदी मळकट, खडबडीत कातडीचा. पट्टे दिसतात ते कुठेतरी टवका उडालेला असेल तिथे.

मला पहिली शंका आली ती खडे उचलताना. पुरानं आणून बसवलेला गोटा वाळूत रुतलेला असतो. शेजारच्या गोट्यांना रेलून, बहुधा प्रवाहाच्या वरच्या बाजूला उतार करून बसलेला असतो. तो उचलला की खाली त्याच्या आकाराचा ओला खळगा राहतो, अंगावर शेवाळाचा चिकट थर असतो, कधी किड्यांची इवलीशी घरटी चिकटलेली असतात. इथे मी जे जे खडे उचलले, त्यांच्याखाली खळगाच नव्हता. बारीक, सपाट वाळूवर ते नुसते ठेवल्यासारखे होते. जो प्रवाह इतकी बारीक वाळू टाकण्याइतका मंदावलाय, तो अंड्याएवढा दगड ओढून आणू शकत नाही. मोठ्या पुरानं आणला असता, तर नंतर बसलेल्या वाळूत तो निदान अर्धा तरी गाडला गेला असता.

मग मी बाकीचे गोटे नीट बघायला लागले. सगळा ओढा ग्रॅनाइटचा, नाइसचा (पट्टेदार रूपांतरित खडक) आणि पांढऱ्या गारगोटीचा. काळ्या पाषाणाचा, म्हणजे बेसाल्टचा, एक तुकडा नाही. अकीक बहुतेक करून ज्वालामुखीच्या खडकात तयार होतो. लाव्हा थंड होताना वायूच्या बुडबुड्यांच्या पोकळ्या राहतात, त्यांत सिलिका (गारगोटी ज्याची बनते ते द्रव्य) विरघळलेलं पाणी झिरपत राहतं आणि थरावर थर साचत जातात. पुढे खडक झिजून माती होतो, अकीक मात्र कठीण असल्यानं टिकतो आणि नाल्यांत, नद्यांत उतरतो. दख्खनचा बेसाल्ट, अमेरिकेतल्या लेक सुपीरियरचा परिसर, ब्राझीलचं रिओ ग्रांदे दो सुल, ही अकिकाची मोठी ठिकाणं याच जातीची आहेत. चुनखडीसारख्या खडकांतही अकीक मिळतो, नाही असं नाही. पण या ओढ्याच्या वरच्या अंगाला त्याला जन्म देईल असं काही मला दिसलं नाही.

मी आयोजकाला सरळ विचारलं. तो म्हणाला, “मॅडम, पुरानं लांबून वाहून आणलेत. निसर्ग आहे, त्याला काय नियम?” दगड लांबून येऊ शकतात, हे खरंच आहे. लेक सुपीरियरचे अकीक हिमनद्यांनी शेकडो किलोमीटर दक्षिणेला नेऊन टाकलेत. पण लांबून येणारा दगड वाटेत फुटत, झिजत येतो. एक मोठा खडा सापडला, तर त्याच पात्रात त्याच जातीच्या बारीक कपच्या ढिगानं सापडायला हव्यात. मी ओंजळ-ओंजळ वाळू चाळली. अकिकाची एकही कपची नाही. सगळे खडे जवळपास एकाच मापाचे. ही एकच खूण लक्षात ठेवलीत तरी पुरे आहे: जिथे मोठे आहेत आणि बारीक मुळीच नाहीत, तिथे नदीनं काही आणलेलं नाही.

परतीच्या वेळी त्यानं गोणपाटाच्या शिवलेल्या थैल्या काढल्या. “वरच्या अंगाचा न निवडलेला माल. आत काय निघेल ते तुमचं नशीब. इथे उघडायची नाही.” दिवसभर भराभर सापडल्यावर लोकांचे हात सैल झालेले होते. जवळपास प्रत्येकानं थैली घेतली. भाचीनं साठवलेले पैसे आणले होते, तिनंही एक घेतली. मला हा सगळ्यात नीच भाग वाटतो. शोधून झालं होतं, फी मिळाली होती, तरी पोरांच्या खिशातलंही त्याला सोडवेना.

घरी आल्यावर आम्ही खडे पाण्यात घालून ब्रशनं घासले. चिखल निघाला. सुकल्यावर खडे चमकत होते. नदीतला खडा ओला असताना कितीही देखणा दिसला, तरी वाळला की निस्तेज होतो, कारण त्याच्या अंगावर हजारो टकरींच्या खुणा असतात: नखाच्या टोकाएवढ्या अर्धगोल चिरा, एकावर एक. भिंगातून त्या स्पष्ट दिसतात. आमच्या खड्यांवर तशी एकही खूण नव्हती. कडा सगळीकडून सारख्याच गोल, खळग्यांतसुद्धा गुळगुळीत. ही टम्बलरची कामगिरी. फिरत्या पिंपात दगड, पाणी आणि सिलिकॉन कार्बाइडची भुकटी घालून काही आठवडे फिरवलं की असे दगड होतात. भाचीच्या गुलाबी अकिकाच्या एका बाजूला, चिखल पूर्ण निघाल्यावर, बारीक सरळ समांतर रेघा दिसल्या. करवतीच्या पात्याच्या. मोठ्या कापीव चकतीचा उरलेला तुकडा होता तो.

कापसाचा बोळा ॲसिटोनमध्ये बुडवून घासला तर बोळा गुलाबी झाला. भिंगाखाली रंग तड्यांमध्ये दाट साचलेला होता. इथे एक गोष्ट मात्र नीट समजून घ्या. रंग सुटला तर खडा रंगवलेला आहे हे नक्की. पण सुटला नाही म्हणजे तो नैसर्गिक, असं होत नाही. अकीक सच्छिद्र असतो, थराथराप्रमाणे कमी-जास्त. जर्मनीतल्या इदार-ओबरश्टाइनच्या कारागिरांनी १९ व्या शतकात या सच्छिद्रपणाचा उपयोग करून रंगवण्याचं तंत्र पक्कं केलं. साखरेच्या पाकात मुरवून मग गंधकाम्लात टाकलं की साखरेचा कार्बन होऊन थर काळे पडतात. लोहाच्या क्षारांनी निळा आणि लाल, क्रोमियमच्या क्षारांनी हिरवा रंग येतो. हे रंग दगडाच्या आत तयार होतात, ॲसिटोननं निघत नाहीत. भडक गुलाबी-जांभळे कृत्रिम सेंद्रिय रंग कच्चे असतात, ते उन्हातही उडतात.

कार्नेलियनचं प्रकरण आणखी नाजूक. त्याचा नारिंगी-लाल रंग लोहाच्या ऑक्साइडचा. फिकट पिवळट दगड भाजला की त्यातलं पाणी धरलेलं लोहखनिज बदलून हेमॅटाइट हे लाल लोहखनिज होतं आणि दगड लाल होतो. खंभातच्या आणि रतनपूरच्या कारागिरांची ही पिढीजात विद्या आहे; चार हजार वर्षांपूर्वीच्या हडप्पाकालीन मणीकारांनाही ती येत होती. असा भाजलेला खडा ओळखणं अवघड, आणि भाजणं ही काही लबाडी नाही. रंगवणंही नाही. जो सांगून विकतो त्याच्याविषयी मला आदरच आहे. लबाडी आहे ती रंगवलेला, कापलेला, घासलेला दगड चिखलात लोळवून पोरांच्या पायाशी टाकणं आणि ‘निसर्गानं दिला’ म्हणून त्याचे पैसे घेणं.

थैलीत काय निघालं तेही सांगते. वरचा थर साध्या गारगोट्यांचा, मधे चार-दोन रंगीत कपच्या आणि तळाला नारिंगी ‘कार्नेलियन’. ती काच होती. आत गोल बुडबुडे, आणि फुटलेल्या जागी काचेची झगझगीत चकाकी. अकीक आणि कार्नेलियनच्या ताज्या टवक्याला मेणचट, मंद चकाकी असते. त्यांची कठिणता मोह्‌सच्या एक ते दहाच्या मापावर साडेसहा ते सात, साध्या काचेची साडेपाचच्या आसपास; म्हणजे खऱ्या कार्नेलियननं काचेच्या तुकड्यावर ओरखडा उठायलाच हवा. आमच्या नारिंगी खड्यांनी उठला नाही. उलट साध्या गारगोटीनं त्यांच्यावरच उठला.

भाचीला सांगताना मला फार जड गेलं. ती रडली नाही. “म्हणजे तो मी शोधला नव्हताच ना?” एवढंच म्हणाली. पैशांपेक्षा मला याचा राग जास्त आहे. पाण्यात वाकून, डोळे फोडून एखादी फुटकी कपची शोधल्याचा जो आनंद असतो, तो खोटा करून त्यानं विकला.

नंतर मी त्या जमिनीच्या मालकांना जाऊन भेटले. ते भले गृहस्थ आहेत. त्यांनी लोकांना काठावर फिरू द्यायला हो म्हटलं होतं. दगड नेण्याविषयी, विकण्याविषयी त्यांच्याशी कुणी बोललंच नव्हतं. ‘परवानगीचा पट्टा’ वगैरे सगळं रचलेलं. आदल्या संध्याकाळी दोन माणसं बादल्या घेऊन ओढ्यात उतरताना त्यांनी पाहिली होती. मासे धरायला आली असतील असं त्यांना वाटलं.

आयोजकाला मी फोटो पाठवले: करवतीच्या रेघा, गुलाबी बोळा, काचेतले बुडबुडे. आधी उत्तर नाही. मग “आमच्याकडे सर्टिफिकेट आहे” असा मेसेज आणि त्याचा फोटो आला. त्यावर लिहिलं होतं, ‘नैसर्गिक अकीक’. हे वाक्य अगदी खरं आहे आणि अगदी निरुपयोगी आहे. रंगवलेला अकीकसुद्धा नैसर्गिक अकीकच असतो. प्रयोगशाळा सांगते ती दगड कुठल्या जातीचा आणि रंग दिलेला आहे का एवढंच; तो अमुक ओढ्यात सापडला, असं कागदावर कुणी लिहून देत असेल तर तो कागद बाजूला ठेवा. या कागदावर तर रंगाविषयी ओळच नव्हती, आणि तपासणाऱ्याचं नावही नव्हतं.

पैसे परत मिळालेले नाहीत. गटातल्या इतरांशी मी बोलले, त्यांनीही आपापले खडे तपासले आणि तेच निघालं. आम्ही सगळ्यांनी मिळून लेखी तक्रार दिली आहे. पावत्या, मेसेज आणि खडे जपून ठेवलेत. तुमच्या बाबतीत असं झालं तर खडे धुण्याआधी चिखलासकट फोटो काढून ठेवा, आणि थैली उघडताना व्हिडिओ घ्या. आम्हाला तक्रार लिहिताना सगळ्यात जास्त उणीव जाणवली ती याचीच.

अशा सफरीला जायचंच असेल, तर आधी जमीनमालकाचं नाव विचारा आणि त्यांच्याशी स्वतः बोला, तिथून दगड उचलायला कायद्यानं मुभा आहे का तेही त्या भागाच्या कार्यालयात विचारून घ्या. ओढ्याच्या वरच्या अंगाला कुठला खडक आहे, हे भूशास्त्रीय नकाशात बघता येतं. काहीही न सापडण्याची शक्यता जो उघडपणे सांगतो, त्याच्यासोबत जायला हरकत नाही. सापडण्याची हमी फक्त पेरणाराच देऊ शकतो.

आता तशीच जाहिरात पुन्हा फिरतेय. नाव वेगळं आहे, ओढाही दुसरा आहे. पण फोटोत तळहातावर धरलेला खडा तोच गुलाबी पट्ट्यांचा आहे, आणि खाली ‘वर्षातून एखादाच निघणारा पीस’ असं लिहिलंय. ती दिसली तर पैसे भरू नका, आणि ओळखीत कुणी भरले असतील तर त्यांना थैली घेण्याआधी हे वाचायला द्या.